मोठ्या प्लेटची भिंगं (9) : पेट्झवालची गरगर

हेलिआर आणि टेसार या दोन लेन्सचा सामना आज लावायचा होता. तो आठवडाभर पुढे ढकलतो, कारण कोल्हापूरच्या एका वाचकांनी मोठा मार्मिक प्रश्न विचारलाय. त्यांनी जुन्या प्रोजेक्टरची पितळी लेन्स मिळवली. पेट्झवाल जातीची, साधारण 6 इंच फोकल लेंग्थची. ती 4×5 च्या कॅमेऱ्यावर बसवून त्यांनी मुलीचा फोटो काढला. चेहरा झकास आला, पण मागची झाडं चेहऱ्याभोवती गरगरताहेत. ते लिहितात, 'याच लेन्सवर आपले पणजोबा-खापरपणजोबा फोटो काढून घेत, मग त्यांच्या मागे काहीच कसं गरगरत नाही? माझ्या लेन्समध्ये दोष आहे का?'

लेन्स निर्दोष आहे. गरगर ही पेट्झवालच्या घराण्यातलीच खोड, पण एकोणिसाव्या शतकातला फोटोवाला ती लपवायचा आणि आपण तिच्यासाठी पैसे मोजतो.

व्हिएन्नातला गणिताचा प्राध्यापक योझेफ पेट्झवाल याने 1840 मध्ये ही लेन्स आखली. आकडेमोडीला त्याच्या हाताखाली ऑस्ट्रियन तोफखान्यातली गणित येणारी माणसं दिली होती. (तोफखान्याचा इतका शहाणा उपयोग क्वचितच झाला असेल.) त्याला हवा होता उजेड. तोवरच्या, भिंगकार शेव्हालिएच्या लेन्समधून f/15 च्या आसपास प्रकाश यायचा. पेट्झवालची लेन्स f/3.6 ची, म्हणजे पंधरा पटींहून जास्त उजेड देणारी. त्याची किंमत कडेला मोजावी लागली. या लेन्सची दृष्टी स्वच्छ असते ती जेमतेम 25 अंशांपर्यंत. ही लेन्स बनवणाऱ्या फोक्टलेंडरने तिच्यासाठी काढलेला पहिला पितळी कॅमेरा तर गोल चित्र काढायचा. चौकोनी प्लेटचे कोपरे वाईट येणार, मग कोपरेच नकोत, असा सरळ हिशेब!

आता कोल्हापूरचा हिशेब करू. 4×5 च्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत 6 इंची लेन्सला जवळजवळ 54 अंश पाहावं लागतं. म्हणजे तिच्याकडून दुप्पट काम करून घेतलं जातंय. तेच 12 इंची पेट्झवाल लावली, तर काम 29 अंशांवर येतं आणि गरगर नावापुरती उरते. जुने स्टुडिओवाले प्लेटच्या मानाने लांब लेन्स घ्यायचे, ते याचसाठी.

गरगर होते कशी, हे डोळ्यांनी पाहता येतं. तुमच्या ग्राउंड ग्लासचे कोपरे कापलेले असतील तर एका कोपऱ्याला डोळा लावून लेन्सकडे बघा. कापलेले नसतील तर काच काढून ठेवा आणि डोळा कोपऱ्याच्या जागी न्या. मधून पाहिल्यावर गोल दिसणारं लेन्सचं तोंड तिथून बदामासारखं दिसेल. पेट्झवालची पितळी नळी लांब, पुढची आणि मागची भिंगं एकमेकांपासून दूर. तिरका येणारा प्रकाश एका बाजूने पुढच्या कडेला कापला जातो, दुसऱ्या बाजूने मागच्या. झाडाच्या पानांतून डोकावणारा उजेडाचा प्रत्येक ठिपका फोकसबाहेर गेला की याच बदामी आकारात उमटतो. आणि हे सगळे बदाम मध्याभोवती आडवे पडतात, म्हणून डोळ्याला रिंगण दिसतं. त्यात या लेन्सचं फोकस सपाट नसतं, कडेला ते कॅमेऱ्याच्या दिशेने वळलेलं असतं, त्यामुळे कडेची झाडं अधिकच विरघळतात.

या वळणावरही जुन्या लोकांनी तोड काढली होती. समूहाचा फोटो असला की टोकाच्या खुर्च्या पुढे ओढून रांग कमानीत बसवायची, म्हणजे कडेचे चेहरेही फोकसमध्ये. आणि एकट्याच्या फोटोत पाठीमागे सपाट रंगवलेला पडदा. त्यात चमकणारे ठिपके नाहीत, तो फार दूरही नाही, मग गरगरणार काय? कोलकात्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनची पहिली लेन्सही पेट्झवाल जातीचीच. तिचे चेहरे बघा. फोकस मऊ, मागे बहुतेकदा नुसता काळोख.

2013 मध्ये लोमोग्राफी कंपनीने पेट्झवाल पितळेत नव्याने आणली, छोट्या कॅमेऱ्यांसाठी. पुढे तिच्या एका धाकट्या भावंडात गरगर कमीजास्त करायची कडीही बसवली. पेट्झवालने ज्याला नाक मुरडलं असतं, त्याचीच आता चावी झाली. मला विचाराल तर गरगर एखाद्या फोटोत गंमत आणते, दहा फोटोंत कंटाळा. चेहऱ्याकडे पाहायचं सोडून माणूस झाडं पाहायला लागतो.

तेव्हा कोल्हापूरकरांनी असं करावं. काळ्या जाड कागदाच्या चकत्या कापून, मध्ये वेगवेगळ्या मापांची भोकं पाडून लेन्सच्या तोंडाशी एकेक धरून बघावी. कोपऱ्यातून पाहताना ज्या चकतीला बदाम जवळजवळ गोल दिसेल, तिथे गरगर संपली. जॉन वॉटरहाऊसने 1858 मध्ये काढलेल्या पितळी पट्ट्या याच कामाच्या, पण त्या नळीला खाच पाडून भिंगांच्या मधे सरकवायच्या. नळीला खाच पाडायची असेल तर लेथवाल्याकडे जाण्याआधी भिंगं सगळी बाहेर काढा.

शटर नाही म्हणून अडू नये. खिडकीच्या मऊ उजेडात, फिल्मऐवजी फोटोचा कागद घातला तर उघड्या लेन्सला साधारण सेकंदभर लागतो. तेवढं झाकणानेही जमतं.

आणि एक. चेहरा झकास आलाय म्हणजे तुमची लेन्स बरोबर जुळलेली आहे. ज्यांच्या पेट्झवालला मध्यभागीही धारदारपणा येत नाही, त्यांनी मागची दोन सुटी भिंगं तपासावीत. साफ करताना ती उलटसुलट बसवली जातात आणि दोष बिचाऱ्या पेट्झवालवर येतो. मूळ रचनेत अंतर्वक्र भिंग आतल्या बाजूला, दोन्हीकडून फुगीर ते फिल्मकडे. भिंगकार डालमायरच्या 1866 च्या पोर्ट्रेट लेन्समध्ये मात्र हा क्रम मुद्दामच उलटा आहे, ती 'दुरुस्त' करायला जाऊ नका. हेलिआर-टेसार पुढच्या आठवड्यात.