सायकलचे टायर आणि बधिर करंगळी

जाड दातेरी टायरची गिअरवाली सायकल जुन्नर-आंबेगावात आता नवलाईची राहिलेली नाही. वजन आणि साखर आटोक्यात राहावी म्हणून चाळिशीपुढची मंडळीही नारायणगाव-जुन्नर किंवा मंचर-घोडेगाव रस्त्यावर सकाळी सायकल चालवतात. फार चांगली गोष्ट. मात्र त्यांतील काही जण करंगळी व अनामिका बधिर होतात म्हणून दवाखान्यात येतात. ही मधुमेहाची खूण तर नाही ना, ही प्रत्येकाची धास्ती.

मधुमेहाच्या मुंग्या बहुधा आधी पायांत येतात. करंगळीकडे जाणारी अल्नर नस तळहातात शिरताना फारशी झाकलेली नसते. हँडलवर भार टाकला की ती दबते आणि वरून रस्त्याची थरथर सोसते. दातेरी टायर चिखलासाठी, मुरमाच्या वाटांसाठी. डांबरावर त्याचा एकेक दात वाकतो, आपटतो; तो घर्र आवाज त्याचाच. दम जातो तो निराळाच!

जे डांबर सोडत नाहीत, त्यांनी गुळगुळीत, म्हणजे स्लिक टायर बसवावेत. रिम तीच चालते. जुन्या टायरच्या कडेवर 559, 584 किंवा 622 यांपैकी जो आकडा असेल, तोच नव्यावर हवा. २६ इंची सायकलला दीड इंच रुंदी पुरते. हवा दगडासारखी टणक भरू नये, नाहीतर थरथर परत आलीच.

पावसात घसरण्याची भीती अनेकांना वाटते. स्वच्छ, ओल्या डांबरावर गुळगुळीत रबर चांगले धरते. धोका आहे तो उसाच्या ट्रॅक्टरने शेतातून रस्त्यावर आणलेल्या चिखलाचा. तिथे वेग आधीच कमी करावा. मनगटाची हाडे अशाच जागी मोडतात. नाणेघाटाकडच्या कच्च्या वाटा तुडवणाऱ्यांनी दातेरी टायरच ठेवावेत.

टायर बदलले तरी सीट पुढे झुकलेली असेल तर भार हातांवरच येतो. ती सपाट करून घ्या, कोपर किंचित वाकवा, पकड अधूनमधून बदला. ताकदीची इंजेक्शने परस्पर घेऊ नका. दाब हटल्याशिवाय नस सुधारत नाही. एवढे करूनही दोन आठवड्यांत बधिरपणा गेला नाही, तर तपासून घ्या. कुलपात किल्ली फिरवणे जड जाऊ लागले, किंवा अंगठा व तर्जनीमधला, हाताच्या पाठीकडचा मांसल भाग खोलगट दिसू लागला, तर दोन आठवडेही थांबू नका. सायकल उभी करून त्याच दिवशी डॉक्टरांना हात दाखवा.