१००० नको, ९९७ हवा!

मुलांनो, संगणकाच्या पोटात आवाज नसतोच, हे तुम्हाला ठाऊक आहे का? तिथे असतात नुसत्या संख्या. तुमचं आवडतं गाणं, मामानं पाठवलेला निरोप, कार्टूनमधल्या मांजराचं म्याव, सगळं संख्यांच्या रांगेत मांडून ठेवलेलं असतं. रांग केवढी? एका सेकंदाच्या आवाजाला ४८,००० संख्या! (कधी कधी ४४,१०० असतात, पण आज आपण ४८,००० च धरू.) त्या क्षणी ध्वनीची लाट किती उंचीवर आहे, एवढंच प्रत्येक संख्या सांगते. साध्या १६ बिटच्या आवाजात ही उंची मोजायला ६५,५३६ पायऱ्यांचा जिना असतो. एक इवलीशी चिप या संख्या भराभर वाचते आणि त्यांची वीज करते. ती वीज हेडफोनमधला पातळ पडदा थरथरवते, तेव्हा कुठे आपल्याला म्याव ऐकू येतं.

पण चिपनं मध्येच चूक केली तर? म्हणून नव्या संगणकाला परीक्षा द्यावी लागते. विंडोजवर चालणाऱ्या संगणकांसाठी मायक्रोसॉफ्ट कंपनीनं अशा चाचण्या ठरवून दिल्या आहेत. संगणक बनवणाऱ्या कंपनीनं नवा नमुना तयार केला की तो चाचण्यांना बसतो आणि पास झाला तरच प्रमाणपत्र मिळतं. यांत आवाजाचा पेपर मला सगळ्यात गमतीचा वाटतो.

आवाज तपासायचा म्हणजे छानसं गाणं लावून ऐकायचं, असं तुम्हाला वाटेल. पण गाण्यात इतके आवाज एकदम असतात की छोटीशी खरखर त्यांत सहज लपून जाते. म्हणून तपासणारे एकच सूर वाजवतात. सरळ, लांबलचक, न थांबणारा ‘पीऽऽऽ’. हा सूर किती उंच ठेवायचा? सेकंदाला १००० कंपनं, म्हणजे १००० हर्ट्झ, हा किती गोल, सोयीचा आकडा! पण ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटी या ध्वनी-अभियंत्यांच्या संस्थेचं एईएस-१७ नावाचं एक मानक आहे, आणि त्यात लिहिलंय ९९७ हर्ट्झ. तीन कंपनं कमी का बरं?

याचं उत्तर शोधायला आपण तबल्याकडे जाऊ. वादन सुरू करण्याआधी तबलजी छोट्या हातोडीनं तबल्याच्या कडेवर ठोकत ठोकत गोल फिरतो, पाहिलंय ना? तबल्याला अशी सोळा घरं असतात आणि सगळी एका सुरात यावी लागतात. आता समजा, एखाद्यानं दर चौथ्या घरावरच ठोकायचं ठरवलं. ४, ८, १२, १६... आणि पुन्हा ४! तो दिवसभर फिरला तरी हातोडी त्याच चार घरांवर पडणार. उरलेल्या बारा घरांपैकी एखादं बेसूर असलं तर त्याला कधीच कळणार नाही. आता दर पाचव्या घरावर ठोकू या. ५, १०, १५, मग ४, ९, १४, मग ३, ८, १३... कागदावर गोल काढून पुढचं तुम्हीच करा. सोळाव्या ठोक्याला सगळी सोळा घरं पूर्ण होतात! चारनं सोळाला भाग जातो, म्हणून ४ तिथंच घुटमळतो. पाच आणि सोळा यांना १ सोडून दुसरा सामाईक विभाजकच नाही, म्हणून ५ सगळीकडे फिरून येतो.

संगणकात नेमकं हेच होतं, फक्त तिथला तबला म्हणजे लाटेची एक पूर्ण फेरी, आणि तिचे ४८,००० सारखे भाग म्हणजे त्याची घरं. १००० हर्ट्झचा सूर दर संख्येला हजार घरांची उडी मारतो आणि फक्त ४८ घरांना शिवतो. लाट चढताना जी उंची येते तीच उतरतानाही येते, त्यामुळे सूर शून्यापासून सुरू केला तर या ४८ घरांत वेगवेगळ्या उंची भरतात अवघ्या २५. म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांच्या जिन्यावर आपण पंचवीसच पायऱ्या तपासल्या! बाकीच्या जिन्यात एखादी पायरी तुटकी असेल तर?

९९७ ही मूळ संख्या आहे. हजाराखालची सगळ्यात मोठी मूळ संख्या! तिची आणि ४८,००० ची कुठेच गाठ पडत नाही. त्यामुळे ९९७ चा सूर एका सेकंदात सगळ्या ४८,००० घरांना भेट देतो, आणि पूर्ण जोरात वाजवला तर वीस हजारांहून जास्त पायऱ्यांवर पाय ठेवतो. आपल्या कानाला मात्र १००० आणि ९९७ जवळजवळ सारखेच वाटतात. शाळेच्या गणितात भेटणारी मूळ संख्या कारखान्यातल्या चिपची चोरी पकडते, हे मला कळलं त्या दिवशी मी किती तरी वेळ कागदावर गोल काढत बसलो होतो.

सूर वाजला. पुढे काय? हेडफोनच्या खाचेतून तो एका मोजणी यंत्रात जातो आणि यंत्र एक उलटंच काम करतं. आजी सुपात तांदूळ पाखडते तेव्हा तांदूळ ठेवते आणि कोंडा उडवते. हे यंत्र तांदूळ टाकून देतं आणि कोंडा ठेवतं! ९९७ चा सूर ते अलगद गाळून काढतं आणि मागे काय उरलं ते मोजतं. चिपनं लाट वेडीवाकडी केली असेल तर दुप्पट, तिप्पट कंपनांचे नको असलेले सूर सापडतात, १९९४ हर्ट्झचा, २९९१ हर्ट्झचा. भिंतीतल्या विजेची घरघर आत शिरली असेल तर तीही दिसते. संगणक दुसऱ्याच कामात गुंतला आणि संख्या वेळेवर पोचल्या नाहीत, तर मध्ये ‘टक्’ होतं. सूर गाळून टाकल्यावर असं एकच टक् सुद्धा लपत नाही.

शांतताही तपासतात बरं का. संगणक गप्प असताना त्याची सूं-सूं किती, ते पाहायचं असतं. पण काही चिपा चलाख असतात. नुसती शून्यं येऊ लागली की त्या आपलं दारच बंद करून घेतात, आणि मग सगळं छान शांत वाटतं. म्हणून तपासणारे पूर्ण शांतता देत नाहीत. मूळ सुराच्या हजाराव्या भागाएवढा अगदी बारीक सूर चालू ठेवतात. दार उघडं राहतं. मग तो सूर गाळला की चिपची खरी सूं-सूं हाती लागते.

घरी संगणक असेल तर हा खेळ करून पाहा. ऑडॅसिटी नावाचं मोफत सॉफ्टवेअर मोठ्यांच्या मदतीनं उतरवून घ्या. त्यात सेकंदाला येणाऱ्या संख्यांचा वेग ४८,००० ठेवा आणि आधी १००० हर्ट्झचा सूर बनवा, मग ९९७ चा. लाट मोठी करत करत एवढी मोठी करा की तिच्यावरचे ठिपके वेगवेगळे दिसतील (एक ठिपका म्हणजे एक संख्या). १००० च्या प्रत्येक लाटेवर ठिपके त्याच जागी बसलेले दिसतील. ९९७ चे ठिपके दर लाटेला किंचित सरकत जातील. आणि सूर ऐकणार असाल तर हेडफोन लावण्याआधी आवाज बारीक करा, कारण असा एकटा सूर कानाला फार टोचतो.