स्मरण आणि ऋण

दिवंगत थोर माणसांचे स्मरण करण्याची आमच्या समाजात एक ठरलेली रीत आहे. तसबिरीवरची धूळ पुसावयाची, हार घालावयाचा, दोन भाषणे करावयाची, आणि पुढल्या पुण्यतिथीपर्यंत ती तसबीर भिंतीवर तशीच राहू द्यावयाची. या रीतीत एक मोठी सोय आहे. ज्यांचे म्हणणे हयातीत झोंबत होते, त्यांचे म्हणणे मागाहून ऐकावे लागत नाही. दुसरी सोय याहूनही मोठी. कोणाची तसबीर लावावी आणि कोणाची लावू नये, हेही आमचे आम्हीच ठरवितो.

१९२२ साल या दोन्ही गोष्टींची साक्ष देणारे आहे. त्या वर्षी ५ एप्रिल रोजी केडगाव येथे पंडिता रमाबाई वारल्या, आणि त्यानंतर एका महिन्याने, ६ मे रोजी, कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज मुंबईत निवर्तले. बाईंस चौसष्टावे वर्ष चालू होते, महाराजांस अठ्ठेचाळिसावे. पुढे एकीस आम्ही विसरलो, दुसऱ्यास देव्हाऱ्यात बसविले. आणि आमच्या मते अन्याय दोघांवरही झाला.

पंडिता रमाबाई ही अनंतशास्त्री डोंगरे यांची कन्या. बायकामुलींस संस्कृत शिकविण्याचा 'अपराध' या शास्त्र्यांनी केला होता. दुष्काळात आईबापांस मुकल्यावर भावासह देशभर भटकत बाई १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या, तेव्हा तेथील विद्वानांनी त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८२ साली पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देताना स्त्रियांस शिक्षिका व स्त्री-डॉक्टर मिळाल्या पाहिजेत असे निक्षून सांगितले. तोवर सारे त्यांचे गोडवे गात होते. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि गोडवे आटले. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढे ते पुण्यास आले. परंतु तेथील मुली धर्मांतराकडे ओढल्या जातात या संशयावरून १८९३ साली सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतले. बाई डगमगल्या नाहीत. दुष्काळात टाकलेल्या मुली त्यांनी मध्यप्रांतातून आणून केडगावी ठेविल्या. १९०० च्या सुमारास तेथे दीड हजार माणसांची वस्ती झाली होती.

धर्मप्रसाराविषयीचा आक्षेप निराधार होता असे आम्ही म्हणत नाही. रमाबाईंनी आपली श्रद्धा कधी लपविली नाही. परंतु त्यांच्या दारी आलेल्या विधवेस आमच्यापैकी किती घरांचे दार उघडे होते, हा प्रश्न आक्षेपकांनी स्वतःस विचारिला काय? जिचे केस आम्ही उतरविले, जिला आम्ही अंधाऱ्या खोलीत बसविले, तिला दुसऱ्या कोणी ज्ञान व अन्न दिले म्हणून रागावण्याचा अधिकार आम्हांस कोठून आला?

शाहू महाराजांची गोष्ट वेगळी, पण मर्म तेच. २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभार हाती घेतलेल्या या राजास स्वतःच्या पुरोहिताकडून वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाकारला गेला. राजाची ही गत, तर रयतेची काय असेल, हे त्यांनी ओळखिले. २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेविल्या. त्यांच्या आश्रयाने जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. (साऱ्या देशासाठी तसा कायदा होण्यास २००९ साल उजाडावे लागले.) त्याच वर्षी विधवांच्या पुनर्विवाहास कायद्याने मान्यता दिली, आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून सर्व मुलांस एका शाळेत बसविले. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांस अस्पृश्यांचा पुढारी म्हणून त्यांनी जाहीर मान दिला. ते संस्थानिक होते, त्यांची सत्ता एकछत्री होती, इंग्रज सरकारशी त्यांचे सख्य होते, हे सारे खरे. परंतु तशीच सत्ता हाती असलेले संस्थानिक हिंदुस्थानात शेकड्यांनी होते. त्यांतील बहुतेकांनी ती कशात खर्चिली, हे वाचकांस सांगणे नलगे.

या दोघांनी काय दिले? एकीने छप्पर दिले, दुसऱ्याने जागा दिली. उपदेश दोघांनीही थोडा केला. आणि म्हणूनच त्यांचे काम त्यांच्या मागे वाढत गेले. शारदा सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. तिच्याशी १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विवाह केला, बहिष्कार सोसला, आणि तीनच वर्षांनी अनाथ बालिकाश्रम काढिला. कोल्हापूरच्या वसतिगृहात राहून भाऊराव पाटील शिकले, आणि १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था उभी केली. एका दिव्याने दुसरा लागतो, तो असा.

मग आज आमचे कर्तव्य काय? २६ जून हा महाराजांचा जन्मदिवस महाराष्ट्र सरकार सामाजिक न्याय दिन म्हणून पाळते, हे योग्यच आहे. परंतु दिन पाळणे आणि वचन पाळणे यांत अंतर आहे. मे १९२२ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातीलच हेरवाड गावाच्या ग्रामसभेने ठराव केला की, नवरा वारल्यावर स्त्रीच्या बांगड्या फोडू नयेत, कुंकू पुसू नये, मंगळसूत्र तोडू नये. सरकारने तो कित्ता साऱ्या ग्रामपंचायतींपुढे ठेविला. हेरवाडकरांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करितो. परंतु असा ठराव करण्याची पाळी १०० वर्षांनंतरही यावी, याची लाज त्या एका गावाने बाळगावयाची नसून आम्ही सर्वांनी बाळगावयाची आहे. ठराव झाला म्हणून रूढी मेली, असेही कोणी समजू नये. ती माजघरात जगते, आणि तिला दाणापाणी घालणारे हात बहुधा शिकलेल्यांचेच असतात.

म्हणून आमची वाचकांस विनंती इतकीच. ज्यास महाराजांचा जयजयकार करावयाचा असेल, त्याने आपल्या गावच्या शाळेत कोणाचे मूल येत नाही व का येत नाही, ते आधी पाहावे. ज्यास रमाबाईंचा धर्म रुचत नसेल, त्याने आपल्याच घरातील विधवेस मंगलकार्यात मानाने पुढे बसवावे, आणि मग खुशाल टीका करावी. मृतांचे ऋण शब्दांनी फिटत नाही. ते ज्यांच्यासाठी झिजले, त्या जिवंत माणसांच्या पदरातच ते फेडावे लागते.