माळ्यावरचा संगणक लगेच का लावू नये?

शिवाजी पेठेतल्या जुन्या घराच्या माळ्यावरून १९९०च्या आसपासचा संगणक खाली आला, की पोरं आधी प्लग शोधतात. थांबा! आतले कपॅसिटर कैक वर्षं उपाशी आहेत. त्यांतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर ऑक्साइडचा थर असतो. वीज न मिळता तो विरत जातो. मग एकदम २३० व्होल्टवर लावलं की आत गळती, उष्णता आणि फट्! दहा वर्षं तालमीत न फिरकलेला पैलवान थेट मैदानात उतरवावा, तसं. कपॅसिटर काढून जाणकारानं व्होल्टेज हळूहळू चढवलं, तर थर पुन्हा धरतो. फुगलेला असेल तर सरळ बदलावा.

खरी चोर मात्र घड्याळ चालवणारी निकेल-कॅडमियमची बॅटरी. ती पाझरते, बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खाते, वर हिरवट खपली धरते. हा रस अल्कधर्मी. म्हणून बॅटरी काढून कापसानं थोडं व्हिनेगर लावायचं. बारीक फसफस ऐकू येते.