जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन बदलावे की नवा ट्रॅक्टर घ्यावा?

वारणा व पंचगंगा या दोन नद्यांच्या मधल्या पेठ वडगाव परिसरात उसाचा गळीत हंगाम संपत आला की दुरुस्तीचे दिवस सुरू होतात. हंगामभर उसाच्या ट्रॉल्या ओढून ट्रॅक्टर थकलेला असतो. धूर वाढतो, तेल कमी पडू लागते, चढावर ओढ राहत नाही. अशा वेळी शेतकऱ्यापुढे तीन मार्ग असतात. इंजिनचे पूर्ण काम काढावे, दुसरे इंजिन बसवावे, की जुना ट्रॅक्टर देऊन नवा घ्यावा? हा निर्णय पुष्कळदा शेजाऱ्याच्या दारातील नवा ट्रॅक्टर पाहून किंवा विक्रेत्याच्या आग्रहाने घेतला जातो. तो मोजमापाने घेणे हितावह आहे, कारण चुकीच्या निर्णयाचे हप्ते पुढे अनेक वर्षे उसाच्या बिलातून कापले जातात.

दोष नेमका कोठे आहे?

ओढ कमी झाली म्हणजे इंजिन संपले, असे नव्हे. प्रथम धुराचा रंग पाहावा. काळा धूर येत असल्यास हवा गाळणी तुंबलेली आहे, नोझल किंवा डिझेल पंप बिघडला आहे, अथवा ओझे जास्त आहे, असे समजावे. हे दोष थोड्या खर्चात दूर होतात. निळा धूर म्हणजे तेल जळत आहे. त्यासोबत ब्रीदरमधून जोराने वाफारा येत असेल, तर रिंगा व लायनर झिजले आहेत. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला आणि रेडिएटरमधील पाणी कमी होऊ लागले, तर हेडचे गॅस्केट किंवा हेड तपासून घ्यावे.

इंधनाची परीक्षाही सोपी आहे. टाकी काठोकाठ भरून एक एकर नांगरट करावी आणि नंतर मापाने डिझेल घालून टाकी पुन्हा काठोकाठ भरावी. तेवढ्याच अश्वशक्तीच्या चांगल्या ट्रॅक्टरने त्याच जमिनीत तेच काम करून तुलना करावी. जे जास्तीचे डिझेल लागते, तो झिजेचा दरवर्षीचा दंड होय.

इंजिन बदलले तरी मागचे अंग जुनेच

नवे इंजिन जुन्या सांगाड्यात बसते, हे विसरून चालणार नाही. म्हणून इंजिनवर पैसा घालण्यापूर्वी क्लच, गिअर, डिफरन्शियल, ब्रेक व पुढचा आस तपासावा. गिअर आपोआप सुटतो काय, मागून घरघर येते काय, हे चालवून पाहावे. अवजार उचलून इंजिन बंद करावे. ते लगेच खाली बसत असेल, तर हायड्रॉलिकचे काम निघणार हे निश्चित. मागचे अंग मजबूत असेल तर इंजिनवरचा खर्च टिकतो. तेही खिळखिळे असेल तर बळकट इंजिन उरलेले भाग लवकर मोडते.

सुट्या भागांचाही विचार करावा. एच. एम. टी. कंपनीचा पिंजोर येथील ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. निर्मिती थांबलेल्या यंत्राचे भाग पुढे किती वर्षे मिळतील, याची चौकशी आधीच केलेली बरी. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात क्रँक घासणे, बोअर करणे इत्यादी कामे होतात, ही या भागातील शेतकऱ्यांची मोठी सोय आहे.

हिशेब कसा मांडावा?

पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालावेत.

समजा, इंजिनचे पूर्ण काम १,२०,००० रुपयांत होते व ते चार वर्षे टिकते. म्हणजे वर्षाला ३०,००० रुपये पडले. इतर दुरुस्ती १५,००० आणि जुन्या ट्रॅक्टरच्या किमतीतील घट २०,००० धरली, तर वर्षाचा खर्च ६५,००० रुपये होतो.

आता नवा ट्रॅक्टर ७,५०,००० रुपयांचा धरू. जुन्याचे १,५०,००० वजा जाता ६,००,००० कर्ज काढावे लागेल. दहा वर्षांनी त्याचे ३,५०,००० येतील असे मानल्यास घट वर्षाला ४०,००० होते. दहा टक्के दराने नऊ समान वार्षिक हप्त्यांत मुद्दल फेडल्यास एकूण व्याज ३,००,००० होते. ते दहा वर्षांवर वाटले की वर्षाला ३०,००० पडतात. किरकोळ दुरुस्ती १०,००० धरून एकूण ८०,००० रुपये.

फरक केवळ १५,००० रुपयांचा आहे. तो कोणत्या बाजूला झुकेल, हे बंद पडणाऱ्या दिवसांवर ठरते. भाड्याने ऊस वाहणाऱ्याचा एक दिवस २,००० रुपयांचा असेल व जुना ट्रॅक्टर हंगामात दहा दिवस उभा राहिला, तर २०,००० बुडाले. त्याला नवा ट्रॅक्टर परवडतो. केवळ स्वतःच्या पाच-सहा एकरांची मशागत करणाऱ्याला मात्र दोन दिवस थांबता येते. त्याने सांगाडा चांगला असल्यास इंजिनचे कामच करावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जी. एस. टी. १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. म्हणून जुन्या दरपत्रकावर विसंबू नये.

कागदपत्रांची काळजी

इंजिनचा क्रमांक नोंदणी पुस्तकात असतो. दुसरे इंजिन बसविल्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे परिवहन कार्यालयात त्याची रीतसर नोंद करून घ्यावी. विमा कंपनीला व कर्ज असल्यास बँकेलाही कळवावे. जुन्या बाजारातील इंजिन पावतीशिवाय व क्रमांक पडताळल्याशिवाय घेऊ नये. नोंद नसलेल्या इंजिनमुळे अपघातानंतर विम्याचा दावा अडू शकतो.

दुरुस्तीनंतर

नव्या रिंगा व लायनर बसल्यावर पहिल्या दिवसांत पूर्ण ओझे ओढू नये. कारखान्याच्या पुस्तिकेत सांगितलेल्या तासांवर तेल बदलावे. उसाच्या फडातील धूळ लायनरचा मोठा शत्रू आहे. हवा गाळणी वेळेवर साफ केली नाही, तर लाखाची दुरुस्ती दोन हंगामांतच वाया जाते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या दिवसांत एखाद्या शेतावर इंधनाची परीक्षा सर्वांसमक्ष करून दाखवावी, आणि वरील हिशेब शेतकऱ्याच्याच आकड्यांनी त्याच्या वहीत मांडून द्यावा. ट्रॅक्टर जुना असो वा नवा, तो शेताला पोसतो की शेत त्याला पोसते, हे त्या वहीतूनच स्पष्ट होईल.