कॅमेरा पाहतो, धावून कोण येणार?

केळापूर तालुक्यातील गंभीर रुग्णाला पांढरकवड्याच्या उपजिल्हा रुग्णालयातून पुढे हलवायचे झाले, की नातेवाईक बहुधा यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठतात. याच महाविद्यालयाच्या आवारात नोव्हेंबर २०२१ मध्ये एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा भोसकून खून झाला. जानेवारी २०२३ मध्ये एका रुग्णाने निवासी डॉक्टरांवर चाकूहल्ला केला.

अशा घटनांनंतर पहिली मागणी होते ती सीसीटीव्हीची. पण नुसता कॅमेरा घटना टिपतो, थांबवत नाही. चित्रीकरण कामी येते ते नंतर, तपासात. वेळीच मदत पोहोचायची तर कॅमेरा, वॉर्डातील धोक्याचे बटण आणि सुरक्षारक्षकाचा फोन एकाच जाळ्यात जोडावे लागतात. परिचारिकेने बटण दाबताच नियंत्रण कक्षातील पडद्यावर वॉर्डाचे नाव आणि तेथील दृश्य उमटते. जवळच्या रक्षकाला त्याच क्षणी संदेश जातो. वीज गेली तरी ही साखळी तुटू नये म्हणून बॅटरीचा आधार हवा. अधूनमधून बटण दाबून रक्षक किती मिनिटांत पोहोचतो, हे घड्याळ लावून तपासावे.

या जाळ्यालाही भगदाड पडू शकते. राजकोटमधील एका प्रसूती रुग्णालयातील महिलांच्या तपासणीचे चित्रीकरण इंटरनेटवर पसरल्याचे २०२५ मध्ये उघड झाले. म्हणून कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड लगेच बदलणे आणि तपासणी कक्षात कॅमेरा न लावणे, ही दोन पथ्ये पाळायलाच हवीत.

आणि बटणाच्या दुसऱ्या टोकाला जागा माणूस हवाच.