द्राक्षाचा चोथा आणि पेंडीतले विष

१९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्षी भराभर मरू लागले. काही महिन्यांत लाखावर पक्षी गेले. रोग ओळखता येईना, म्हणून त्याला ‘टर्की एक्स’ असे नाव पडले. शेवटी माग लागला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीचा. तिच्यावर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढली होती. तिच्याच नावावरून विषाचे नाव पडले : अफ्लाटॉक्सिन.

१९७४ मध्ये गुजरात-राजस्थानच्या आदिवासी पट्ट्यात बुरशी लागलेला मका खाऊन शंभराच्या आसपास माणसे दगावली. गाय अशी पेंड खाते तेव्हा तिचे यकृत विषाचे रूप पालटते आणि त्याचा काही अंश ‘एम-१’ होऊन दुधात उतरतो. दूध उकळले तरी तो जात नाही. आपल्याकडे त्याची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे; युरोपात तिच्या दहावा हिस्सा.

यावर रूढ उपाय मातीचा. खाद्यात बेंटोनाइट मिसळले की अफ्लाटॉक्सिनचा चपटा रेणू तिच्या थरांत अडकतो आणि शेणावाटे निघून जातो. याला अधिशोषण म्हणतात; स्पंज पाणी पितो तसे हे नव्हे, हे चिकटणे आहे. मात्र झिरॅलेनोनसारखी इतर बुरशीविषे साधी माती फारशी धरत नाही.

इथे उष्ट्या-खरकट्याच्या जातीचा एक पदार्थ कामी येतो. इटलीतल्या बारी येथील संशोधकांनी २०१४ मध्ये वाइनसाठी रस काढून उरलेला द्राक्षाचा चोथा, म्हणजे साली आणि गर, तपासला. त्याने अफ्लाटॉक्सिन सर्वांत जास्त धरले, त्याखालोखाल झिरॅलेनोन, मग ऑक्राटॉक्सिन. फ्युमोनिसिन थोडेच, आणि डीऑक्सिनिव्हॅलेनॉल जवळजवळ नाहीच. मला या निकालातला हा नकारही मोलाचा वाटतो. सगळी विषे धरणारी पूड विकायला कुणी आला, तर त्याला आधी कोणत्या विषावर तपासली ते विचारावे.

नाशिककडे वायनरीच्या मागे असा चोथा हंगामात ढिगाने पडतो, म्हणून मोह होतो. पण नळीत चिकटलेले विष गाईच्या पोटात, तिथल्या जंतूंच्या आणि चाऱ्याच्या गर्दीत, तसेच चिकटून राहील का, हे गाईवरच तपासावे लागते. शिवाय ओला चोथा दोन-चार दिवसांत बुरसतो, द्राक्षावरच्या काळ्या बुरशीतून ऑक्राटॉक्सिन येऊ शकते, आणि फवारण्यांचे अंशही सालीवरच असतात. म्हणजे चोथा आधी त्वरेने वाळवला पाहिजे आणि गोठ्यात जाण्याआधी तोच प्रयोगशाळेत गेला पाहिजे. या दोन्हींचा खर्च आज दूध उत्पादकाच्या माथी येतो.